आधी पुढचे दरवाजे

पाच-सहा हजारांत गाडीचा आवाज सुधारायचाय? मग मागच्या काचेखालच्या मोठ्या स्पीकरांचा नाद सोडा. गाणं समोरूनच यायला हवं.

खरेदीला पुण्याच्या नाना पेठेत जाण्याआधी पुढच्या स्पीकरचं माप घ्या. बऱ्याच गाड्यांत साडेसहा इंची बसतात. खोक्यावरचे 300 वॅट विसरा, आरएमएस वाचा, म्हणजे स्पीकर सतत पेलू शकतो ती ताकद. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक ताकदीत किती मोठा आवाज निघतो ते, 90 डेसिबल किंवा वर हवी, कारण कंपनीच्या स्टिरिओत ताकद बेताचीच.

उरलेले पैसे डॅम्पिंग शीटवर, म्हणजे पत्र्याची थरथर दाबणाऱ्या चिकट शीटवर घाला, माझा यावर फार विश्वास आहे. दाराच्या बाहेरच्या पत्र्याला आतून, रोलरने दाबून चिकटवा. खालची पाणी निचऱ्याची भोकं मोकळी ठेवा, नाहीतर पावसाळ्यात दार गंजेल.

वायरी कापू देऊ नका, कपलर मागा, म्हणजे कंपनीच्या वायरीला न कापता बसणारा जोड. एका स्पीकरचं प्लस-मायनस उलटं लागलं तर बेस गायब होतो. पैसे देण्यापूर्वी तबल्याचा डग्गा ऐकून तपासा.