डीएमएफटी उतरवून दाखवू, असं अर्जात लिहू नका

शाळेतल्या मुलांच्या दातांचं काम करणाऱ्या छोट्या संस्थेने कंपन्यांकडे सीएसआरचा, म्हणजे त्यांनी समाजकार्यावर खर्चायचा पैसा मागताना अर्ज कसा लिहावा, त्याबद्दल हे. डीएमएफटी म्हणजे दातांच्या किडीचा आकडा, त्याची फोड पुढे येते. १२ए आणि ८०जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या), दर्पणचा आयडी (सरकारी पोर्टलवरची संस्थेची नोंद) आणि सीएसआर-१ (सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची नोंदणी) या गोष्टी तुमच्या संस्थेकडे आहेत असं धरून चालते. नसतील तर आधी सीएला गाठा. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ शिवाय कुठलीही कंपनी संस्थेला सीएसआरचा पैसा देऊ शकत नाही, त्यामुळे पुढचं सगळं वाचून उपयोग नाही. परदेशी फाउंडेशनची स्वप्नं तर लगेच बाजूला ठेवा. एफसीआरएला, म्हणजे परदेशी पैसा घेण्याच्या नोंदणीला, तीन वर्षांचं काम आणि त्या काळात केलेला १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. बंगळूरच्या एखाद्या मोठ्या संस्थेच्या खात्यातून तो पैसा आपल्याकडे वळवून घ्यायची वाटही २०२० च्या दुरुस्तीने बंद झाली.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसाची गोची वेगळीच आहे. कायदा कंपनीला सांगतो की आपल्या कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या. कोल्हापूरची कंपनी म्हणते, तुम्ही कर्नाटकात. बंगळूरची फाउंडेशन्स रायचूर-यादगीरकडे बघतात, कारण केंद्र सरकारच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे पडलेल्या जिल्ह्यांच्या यादीत ते दोन आहेत, बेळगाव नाही. म्हणून पहिला अर्ज घराजवळ करा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या मोठ्या फाउंड्र्या किंवा कंपनी म्हणून चालणारे (सहकारी नव्हे) साखर कारखाने यांपैकी ज्यांचा निव्वळ नफा ५ कोटींवर आहे त्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर खर्च करावाच लागतो, आणि दातांसाठी मागायला त्यांच्या दारात सहसा कुणी जात नाही. शाळेची कमान आणि वॉटर फिल्टर मागणाऱ्यांची मात्र रांग असते.

आता ज्यात आम्ही अडकलो ते. अर्जात 'अपेक्षित परिणाम' असा एक रकाना असतो. दातांचा डॉक्टर तिथे हमखास लिहितो, 'वर्षभरात मुलांचा डीएमएफटी अमुक टक्क्यांनी कमी करू.' आमच्याही अर्जात ते होतं आणि समोरच्या कार्यक्रम अधिकाऱ्याला फार आवडलं, एका आकड्यात सगळं मावत होतं ना. वर्ष संपताना आकडा वाढलेला निघाला आणि पुढचा हप्ता अडकला. मुलांचे दात भरले गेले होते, दुखणी थांबली होती. मोजपट्टीच अशी होती की तिच्यावर चांगलं काम दिसणारच नव्हतं.

हे सावकाश बघा. डी म्हणजे किडलेला, एम म्हणजे किडीमुळे काढलेला, एफ म्हणजे भरलेला. जांबोटीकडच्या एखाद्या शाळेतली सहावीतली मुलगी घ्या. तिच्या तीन कायमच्या दाढा किडलेल्या. डी तीन, एकूण तीन. दोन तुम्ही भरल्या, तिसरीची नुसती खापरी उरली होती म्हणून काढली. आता डी शून्य, एफ दोन, एम एक. बेरीज पुन्हा तीनच! पोरगी रात्री झोपायला लागली, त्या बाजूने भाकरी चावायला लागली, पण कागदावर काही घडलेलंच नाही. तेवढ्यात बाराव्या वर्षाची दाढ उगवते, तिच्या खाचेत कीड लागते, की झाले चार. त्याच मुलांच्या कायमच्या दातांचा हा आकडा रिक्षाच्या मीटरसारखा आहे, पुढेच पळतो. दर वर्षी नव्याने बारा वर्षांची झालेली मुलं तपासत गेलात तर सरासरी उतरू शकते, पण त्याला बरीच वर्षं जातात, आणि कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं.

दुधाच्या दातांचा आकडा उलट्या बाजूने फसवतो. सहा ते बारा वर्षांच्या दरम्यान किडके दुधाचे दात आपसूक पडतात आणि तुम्ही काडी हलवली नाही तरी आकडा खाली येतो. तो यश म्हणून दाखवलात आणि परीक्षकांत एखादा पब्लिक हेल्थ डेंटिस्ट असला तर तुमचं बाकीचं खरं कामही तो संशयाने बघेल.

मग लिहायचं काय? उपचार न झालेली कीड असलेली मुलं शंभरात किती होती आणि किती राहिली. किडीची झळ लागलेल्या एकूण दातांपैकी भरलेले किती, म्हणजेच केअर इंडेक्स. दात दुखून शाळा किती बुडाली. पहिलीतल्या किती मुलांच्या सहाव्या वर्षाच्या दाढेला सीलंट (खाचा बुजवणारा लेप) लागलं. आणि माझ्या मते सगळ्यांत प्रामाणिक आकडा हा: पुढच्या उपचारासाठी पाठवलेल्यांपैकी खुर्चीपर्यंत पोचले किती. हा पहिल्या वर्षी लाजिरवाणा येतो. येऊ द्या. बेळगावात दोन डेंटल कॉलेजं आहेत, पण खानापूरच्या जंगलातल्या कणकुंबीच्या आईला तिथे मुलाला न्यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. शक्ती योजनेमुळे जून २०२३ पासून तिला सरकारी बसचं तिकीट लागत नाही, पण बुडालेली मजुरी कोण देणार? ती रक्कम बजेटमध्ये स्वतंत्र ओळीत मागा. मशीन मागणाऱ्यांच्या गर्दीत ही ओळ वाचणारा थांबतो. तसंही शाळेत मशीन लागतं कुठे? हाताच्या अवजारांनी कीड खरवडून ग्लास आयनोमर सिमेंट भरता येतं. ते, कीड थांबवणारं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड आणि फ्लोराइडची पेस्ट, तिन्ही गोष्टी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातल्या आहेत. अर्जात हे एक वाक्य जरूर टाका.

परवानगीचं थोडक्यात. महसुली जिल्हा एक असला तरी शिक्षण खात्याचे दोन आहेत, बेळगाव आणि चिकोडी. खानापूरच्या शाळांना बेळगावच्या डीडीपीआयचं (शिक्षण खात्याच्या उपसंचालकांचं) पत्र चालतं, निपाणीच्या शाळांना चिकोडीचं लागतं. पत्र कानडीतच द्या, संमतीपत्रं मराठी आणि कानडी दोन्हींत छापा. यात भाषेचा अभिमान आणू नका, दात बेळगावच्या वादात नाहीत. मराठी शाळेतले हेडमास्तरसुद्धा 'होय की मॅडम, या तुम्ही' म्हणतात आणि मग वरचं पत्र मागतात, ते बरोबरच आहे. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या समितीच्या बैठकीला मात्र स्वतः जा. अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या सरकारी जेवणानंतर पाच मिनिटं ब्रश करायचं ठरतं ते तिथेच, डीडीपीआयच्या टेबलावर नाही.

टक्केवारीवर प्रस्ताव लिहून देणाऱ्यांबद्दल माझं मत कडवट आहे आणि ते तसंच राहू दे. त्यांच्या साच्यात तालुक्याचं नाव बदललं की प्रस्ताव तयार. असा एक मी वाचलाय, त्यात खानापूरच्या जंगलातल्या वाड्यांना 'शहरी झोपडपट्टी' म्हटलं होतं. मोठ्या प्राध्यापकांच्या शिफारसपत्राचाही फार सोस नको. त्यांनी नाव दिलं तर घ्या, पण तुमचे आकडे एखाद्या आशाताईला वाचून दाखवा. कुठल्या घरात अजून सकाळी मिश्री लावतात आणि कुठल्या पोराच्या खिशात तंबाखूचा मावा असतो, हे तिला माहीत असतं.

मिश्रीवरून निपाणी आली. तंबाखूचं गाव, तिथला व्यापारी शिबिराला पैसे द्यायला एका पायावर तयार असतो. घ्यायचे की नाही हे विश्वस्तांच्या बैठकीत आधीच ठरवून इतिवृत्तात लिहून ठेवा. आम्ही घेत नाही. विडी वळणाऱ्या बाईची तोंडतपासणी तंबाखूच्या बॅनरखाली करायची, ही कल्पनाच मला सोसत नाही. तुम्ही वेगळं ठरवलंत तर निदान २००३ च्या कोप्टा या तंबाखू नियंत्रण कायद्याचं कलम ५ वाचून ठरवा, बॅनर आणि जाहिरातीचा प्रश्न तिथेच येतो.

नकार येतील. बहुतेकांना पहिल्यांदा येतातच, त्यात तुमच्या लायकीचा निवाडा नसतो. कित्येकदा त्या वर्षीचा पैसा संपलेला असतो एवढंच. कारण विचारणारा दोन ओळींचा मेल टाका, आणि पुढच्या वर्षीचं बजेट कधी ठरतं तेही त्यातच विचारून घ्या. मंजुरी दिवाळीनंतर आली तर हातात परीक्षेआधीचे तीन-चार महिनेच उरतात, एप्रिलमध्ये शाळा सुटतात. तेव्हा मागायचं असेल तर जूनपासूनचं काम मागा, आणि कणकुंबीकडच्या शाळा पावसाळा संपल्यावर धरा.