मोठ्या आवारासाठी रायडिंग मोवर: आधी खालून बघा

रायडिंग मोवर, म्हणजे बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र, बघायला जाताना जुने कपडे घाला आणि खिशात टॉर्च ठेवा. मी सांगते तसं बघायचं तर यंत्राशेजारी जमिनीवर आडवं व्हावं लागतं. विकणारा माणूस पहिल्यांदा जरा चमकतो, पण बहुतेक वेळा टॉर्च धरायला तोच पुढे येतो. चावी मात्र आधी काढून स्वतःच्या हातात घ्यायची.

पहिला मोवर मी उभ्याउभ्याच घेतला होता. बॉनेटवर हॉर्सपॉवरचा मोठा आकडा होता, सीट मऊ होती, बाटली ठेवायला खाचसुद्धा होती. आवार अडीच एकर, त्यातला मागचा तुकडा ओढ्याकडे उतरत गेलेला. दोन वर्षं मजेत गेली. तिसऱ्या वर्षी असं व्हायला लागलं की अर्धा तास कापून झालं की यंत्र चढ चढेना. सावलीत तासभर उभं केलं की पुन्हा शहाण्यासारखं चालायचं. इंजिनाचा आवाज शेवटपर्यंत ठणठणीत होता. मी फिल्टर बदलला, प्लग बदलला, पेट्रोलवर संशय घेतला. शेवटी दुरुस्तीवाले काका आले, मागच्या चाकांपाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "ताई, इंजिनाला काही झालेलं नाही. मागची पेटी गेलीय. आणि ही उघडायची पेटी नाही, आख्खी बदलायची."

त्या पेटीला हायड्रोस्टॅटिक गिअरबॉक्स म्हणतात. आत तेलाचा पंप आणि मोटर असते, तेलाच्या दाबावर चाकं फिरतात. चढावर सतत जोर पडला की तेल तापतं, तापलं की पातळ होतं, आतल्या आत निसटतं आणि दाब टिकत नाही. थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर मलूल, हे त्याचंच लक्षण. हलक्या यंत्रांत ही पेटी सीलबंद असते आणि तेल बदलायला सोयीचा बोल्टही नसतो. सपाट अर्ध्या एकरावर ती वर्षानुवर्षं चालेल. माझ्या उतारावर तिचा निभाव लागणं शक्यच नव्हतं, आणि ते मला विकत घेण्याआधी कळलं असतं. फक्त वाकून बघायला हवं होतं.

म्हणून निघण्याआधी घरी एक काम करा. एक मीटर लांबीची सरळ फळी घ्या, तिचं एक टोक उतारावर टेकवा, फळी पाणसळीने सपाट करा आणि दुसऱ्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. 27 सेंटिमीटर आलं तर उतार 15 अंशांचा आहे. बऱ्याच रायडिंग मोवरच्या पुस्तिकेत हीच कमाल मर्यादा दिलेली असते, काहींत त्याहून कमी. त्यापुढचा तुकडा बसून कापायचा नाही, तिथे ब्रश कटर खांद्यावर घ्यायचा. मर्यादेच्या आतल्या उतारावर ट्रॅक्टरसारखा मोवर सरळ वर आणि सरळ खाली चालवायचा, आडवा कधीच नाही.

झिरो-टर्नचा मोह सगळ्यांनाच होतो, मलाही झाला. दोन दांड्यांवर जागच्या जागी वळतो, झाडांच्या बुंध्याभोवती झरझर फिरतो. पण बहुतेक झिरो-टर्नची पुढची चाकं नुसती भिरभिरणारी असतात. वळवणं आणि थांबवणं दोन्ही मागच्या चाकांच्या हातात. ओल्या उतारावर ती चाकं घसरली की वळणही गेलं आणि ब्रेकही गेला. सपाट आवार आणि पुष्कळ झाडं असतील तर खुशाल घ्या, रोल बार (यंत्र उलटलं तर वाचवणारी कमान) आणि सीट बेल्ट असलेला बघा. माझ्या ओढ्याकाठी मी तो आणणार नाही.

आता रुंदी. डेक म्हणजे पात्यांवरचं खालचं पत्र्याचं घर. 42 इंची डेक म्हणजे सुमारे 107 सेंटिमीटर. कापायचे पट्टे थोडे एकमेकांवर चढवले की हाताला लागतो एक मीटर. ताशी सहा किलोमीटरने गेलात तर कागदावर तासाला 6,000 चौरस मीटर, म्हणजे दीड एकर. वळणं, झाडं, मध्येच उतरून फांद्या उचलणं धरलं की प्रत्यक्षात एक एकराच्या थोडं वर. 54 इंचीला वेळ कमी लागतो, पण जमीन उंचसखल असेल तर रुंद डेक उंचवट्यांवर गवताचं पार मुंडण करतो. फाटक मोजताना बाजूचं गवत फेकणारं झाकणही धरायचं. ते डेकच्या बाहेर चांगलं वीतभर येतं आणि दरवेळी पहिलं तेच तुटतं.

एवढं झालं की दुकानात जाऊन आडवं व्हा.

आधी डेक. हलक्या डेकचा पत्रा साच्यात दाबून एका तुकड्यात काढलेला असतो, भारी डेक जाड पट्ट्या वेल्ड करून बनवलेला असतो. पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि तो आकडा उलटा चालतो हे लक्षात ठेवा: 13 गेज म्हणजे साधारण 2.3 मिलिमीटर, 10 गेज म्हणजे 3.4 आणि 7 गेज म्हणजे साडेचारच्या आसपास. दाबून काढलेला डेक वाईटच असतो असं नाही, सपाट हिरवळीवर तो गवत छान उचलतो. पण तुमच्याकडे मुळं, दगड, गवतात लपलेले खुंट असतील तर मी जाडीला महत्त्व देईन. पुढची कड बोटांनी चाचपा, तिथे जादा पट्टी जोडलेली असली तर बरं.

मग स्पिंडल, म्हणजे पातं ज्यावर फिरतं तो उभा दांडा आणि त्याचं घर. माझा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. घर ओतीव लोखंडाचं आहे की ॲल्युमिनियमचं? खाली पत्र्याला धरणारे बोल्ट किती? आणि ग्रीस निप्पल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, आहे का? निप्पल असूनही तिथे ग्रीस गनचं तोंड पोचत नसेल तर ते असून नसल्यासारखं. माझ्या आताच्या मोवरला तीन स्पिंडल आहेत आणि मधल्याच्या निप्पलवर पाती फिरवणाऱ्या पट्ट्याचं (बेल्टचं) झाकण येतं. दोन स्क्रू काढावे लागतात, म्हणून दोन वर्षं मी कंटाळा केला. त्याच स्पिंडलचं बेअरिंग आधी कुरकुरायला लागलं. बाकीचे दोन अजून मुकाट फिरताहेत.

आता मागची चाकं. पेटी हलकी की भारी हे विचारून कळत नाही, कारण पेटीचं मॉडेल विकणाऱ्यालाही बऱ्याचदा माहीत नसतं. खुणा बघायच्या. चाक नुसतं दांड्यावर सरकवून टोकाला क्लिप लावलेली असेल तर पेटी बहुधा हलकी. मोटारीसारखं चार-पाच बोल्टांनी हबला आवळलेलं असेल तर बहुधा भारी. पेटीवर तेल बदलायची सोय आणि फिल्टर दिसला तर आणखी चांगलं. पेटीच्या डोक्यावर एक छोटा प्लास्टिकचा पंखा असतो. त्याच्या पात्यांत गवत अडकून तो बुजला की पेटी भट्टी होते, म्हणून तिथे हात घालून साफ करता येतं का तेही आत्ताच करून बघा. माझ्या जुन्या मोवरचा पंखा तीन वर्षांत मी एकदाही पाहिला नव्हता. शेवटी पाहिला तेव्हा तीनच पाती उरली होती.

पुढचा आस वाकवलेल्या पत्र्याचा आहे की ओतीव, चाकांत बुश आहेत की बेअरिंग, हे पडल्या पडल्या दिसतंच. स्टीअरिंगचे दात पत्र्यातून कापलेले असतात आणि झिजतात. तो भाग सुटा मिळतो ना, एवढं विचारून घ्या.

इंजिनावर मी फार वेळ घालवत नाही. नावाजलेल्या कंपनीचं इंजिन साधारण सांभाळलं तरी बाकीच्या यंत्राआधी जात नाही, असा माझा अनुभव. अडीच-तीन एकरासाठी दोन सिलिंडरचं घ्या, थरथर कमी होते. तेलाचा सुटा फिल्टर असलेलं घ्या, म्हणजे बहुधा आत पंपाने दाब देऊन तेल फिरवलं जातं. हॉर्सपॉवरचा आकडा इंजिन वेगळं ठेवून मोजलेला असतो. तुमच्या गवतातला नव्हे.

बॅटरीवाले मोवरही आता बरे निघतात. त्यात बहुधा हायड्रोस्टॅटिक पेटी नसते आणि प्रत्येक पात्याला बहुधा स्वतंत्र मोटर असल्याने पट्टेही कमी. तिथे पेटीची जागा बॅटरी घेते: लिथियम आहे की शिशाची, बदलायला किती पैसे लागतील, एका चार्जमध्ये उंच गवत किती एकर निघतं. छाटलेल्या हिरवळीचा आकडा सांगतील, तो घेऊ नका.

डेक काढायला किती वेळ लागतो ते तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. ओलं गवत पत्र्याला चिकटून राहिलं की गंज आतून खातो, आणि काढायला अवघड असलेला डेक कोणी साफ करत नाही. माझा चार पिना आणि एका पट्ट्यावर निघतो, दहा मिनिटांत. पाण्याचा पाइप लावून धुण्यापेक्षा मी पट्टीने खरवडते, कारण पाणी बेअरिंगांत शिरतं.

जुना घेणार असाल तर पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागला तर आधीच कुणीतरी चालू करून ठेवलाय. गार होऊ द्या, मग स्वतः चालू करा. तासांचा मीटर कमी दाखवत असेल पण पेडलवरचं रबर गुळगुळीत झालं असेल, तर रबरावर विश्वास ठेवा. इंजिन बंद करून, प्लगची वायर काढून, हातमोजा घालून पात्याचं टोक वरखाली हलवा, डुगडुगलं तर स्पिंडल गेलेलं. त्याच्या घराभोवती पत्र्याला बारीक चिरा आहेत का बघा, रंगाखाली लपतात. आणि निदान अर्धा तास चालवून मगच चढावर घाला. पाच मिनिटांच्या फेरीत माझा जुना मोवरही कुणालाही पटला असता.

शेवटचा प्रश्न सुट्या भागांचा. "सगळं मिळतं" हे उत्तर धरू नका. दुसरा मोवर घेताना मी त्या मॉडेलच्या डेकचा पट्टा, एक स्पिंडल आणि पात्यांचा जोड, तिन्हींचे नंबर कागदावर लिहून नेले होते. दोन ठिकाणी "मागवून देऊ" म्हणाले. तिसऱ्याने कागद वाचला, आत गेला आणि धूळ झटकत पट्टा काउंटरवर आणून ठेवला. मोवर मी तिथूनच घेतला, पट्ट्यासकट.