अन्ननलिकेच्या कर्करोगाचे ट्यूमर मार्कर : प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांसाठी

डी.एम.एल.टी. (प्रयोगशाळा तंत्रज्ञाची पदविका) करून धुळ्यातल्या एका खासगी प्रयोगशाळेत रुजू झालो तेव्हा ट्यूमर मार्कर म्हणजे कर्करोग पकडणारी चाचणी, असाच माझा समज होता; खरे तर तो कर्करोगात रक्तात वाढू शकणारा एक पदार्थ असतो. शिरपूर-साक्रीकडून येणारे नातेवाईकही "रक्तात कळेल ना?" एवढेच विचारत. "घास उतरस नही" ही तक्रार घेऊन आलेल्या माणसाला एंडोस्कोपी आणि बायोप्सीच लागते, आणि मार्कर नॉर्मल आला म्हणून ती टाळता येत नाही. कारण आजार प्रारंभीच्या अवस्थेत असताना बहुतेक रुग्णांत हे आकडे वाढलेलेच नसतात.

आपल्याकडे अन्ननलिकेच्या कर्करोगात स्क्वॅमस (आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींचा) प्रकार अधिक आढळतो, त्यामुळे एस.सी.सी. अँटिजेन आणि सिफ्रा २१-१ या मार्करची मागणी जास्त असते, अडेनोकार्सिनोमात (ग्रंथींच्या पेशींच्या प्रकारात) सी.ई.ए. आणि सी.ए. १९-९ हे मार्कर अधिक उपयोगी पडतात. सी.ई.ए. बिडी ओढणाऱ्यांत कर्करोग नसतानाही थोडा वाढलेला दिसतो. ज्यांचा रक्तगट लुईस-निगेटिव्ह आहे (लुईस ही ए-बी-ओपेक्षा वेगळी रक्तगट पद्धत) त्यांच्या शरीरात सी.ए. १९-९ जवळजवळ तयारच होत नाही, तेव्हा त्यांचा कमी आकडा दिलासा देणारा मानू नये.

मला सर्वांत जास्त शिकवले ते एस.सी.सी.ने. हे प्रथिन निरोगी माणसाच्या त्वचेत आणि लाळेतही भरपूर असते. एकदा उघड्या नळ्यांसमोर मी सहकाऱ्याशी बोलत, मास्क न लावता सीरम (गोठलेल्या रक्तावरचा पातळ भाग) वेगळे केले आणि एका रुग्णाचा आकडा १.५ नॅनोग्राम प्रति मिलिलिटर या नेहमीच्या मर्यादेच्या कितीतरी पट आला. डॉक्टरांनी शंका घेतल्यावर नवा नमुना काढला, तर तो नॉर्मल! त्या घरच्यांनी काढलेले दोन दिवस माझ्या नावावर आहेत. मूत्रपिंडाचा विकार आणि सोरायसिस (त्वचेचा आजार) यांतही हा मार्कर वाढतो, म्हणून ते आहेत का, हे नोंदणीच्या वेळी विचारलेच पाहिजे. केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू आहेत का, हेही विचारावे, कारण काही किटमध्ये (तपासणीच्या तयार संचांत) त्यांच्यामुळे निकाल चुकतो.

या चाचण्यांचा खरा उपयोग उपचारानंतर होतो. शस्त्रक्रियेपूर्वी वाढलेला आकडा नंतर खाली येऊन पुन्हा चढू लागला, तर आजार परतल्याची शंका येते आणि डॉक्टर स्कॅन सांगतात. परंतु ही तुलना त्याच पद्धतीच्या, शक्यतो त्याच यंत्रावरच्या आकड्यांची हवी. म्हणून आता जळगावहून किंवा मुंबईहून आणलेला जुना अहवाल समोर आला की मी आधी त्यावरचे किटचे नाव पाहतो. ते छापलेले नसेल, तर त्या प्रयोगशाळेला फोन करतो.