जुन्या अमेरिकन वकील-पुढाऱ्याचं चरित्र लिहायचंय? आधी तारखा पक्क्या करा

अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश जेम्स विल्सन यांच्या पिढीतल्या कुणाचंही चरित्र लिहायला घेतलं, की सगळ्यात जास्त चुका तारखांत होतात. ब्रिटिश वसाहतींत १७५२ मध्ये जुनं ज्युलियन कॅलेंडर सोडून आजचं ग्रेगोरियन घेतलं, म्हणून २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. अठराव्या शतकातली त्याआधीची तारीख आजच्या गणनेत आणायला ११ दिवस मिळवा. ॲडम्स यांचा जन्म जुन्या गणनेनं १९ ऑक्टोबर १७३५, आजच्या गणनेनं ३० ऑक्टोबर. शिवाय १७५२ आधी वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणून जानेवारी ते मार्चमधल्या नोंदींत ‘१७३१/३२’ असं जोडवर्ष दिसतं. टाचणात दोन्ही तारखा लिहा. एकच लिहिली की पुढचा माणूस पुन्हा ११ दिवस मिळवतो आणि बाप्तिस्मा जन्माच्या आधी पडतो.

कायद्याचं कॉलेज शोधत बसू नका. बहुतेक जण मोठ्या वकिलाच्या हाताखाली शिकत. ॲडम्स वूस्टरला जेम्स पटनम यांच्याकडे शिकले, विल्सन जॉन डिकिन्सन यांच्याकडे. म्हणून गुरूचे कागदही चाळा. सनदेची नोंद कोर्टाच्या कामकाजाच्या वहीत मिळते, पण एका नोंदीवर थांबू नका. ॲडम्स यांना खालच्या कोर्टात १७५८ मध्ये प्रवेश मिळाला, वरच्या कोर्टात १७६१ मध्ये.

फीच्या वह्या हाती लागल्या तर सोनंच, फक्त पौंडाला पौंड लावू नका; प्रत्येक वसाहतीच्या पौंडाची किंमत वेगळी होती. १७५० नंतर स्पॅनिश डॉलर हे चांदीचं नाणं मॅसॅच्युसेट्समध्ये ६ शिलिंगांना, पेनसिल्व्हेनियात साडेसात, न्यूयॉर्कमध्ये ८ शिलिंगांना धरत. एका पौंडाचे २० शिलिंग, म्हणजे वहीतले ६ पौंड अनुक्रमे २०, १६ आणि १५ डॉलर होतात. सगळ्या रकमा डॉलरमध्ये आणा, मगच तुलना करा.

राजकारणाचा भाग त्या मानानं सोपा. सिनेटर १९१३ पर्यंत राज्यांची विधिमंडळं निवडत, तेव्हा मतांची नोंद तिथल्या इतिवृत्तांत पाहा. सिनेटचं कामकाज १७९५ पर्यंत बंद दाराआड चाले, त्यामुळे भाषणं फारशी मिळणार नाहीत. प्रतिनिधिगृहाची सुरुवातीची भाषणं वर्तमानपत्रांवरून पुढे जुळवलेली आहेत. ती शब्दशः उद्धृत करू नका.

जमिनीचे दस्त आणि कर्जाचे दावे मात्र शेवटपर्यंत तपासा. विल्सन जमिनींच्या सट्ट्यात बुडाले, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश असतानाच कर्जापायी तुरुंगात गेले, आणि १७९८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या ईडन्टनला वारले. तेव्हाही ते पदावरच होते. नुसत्या पदांच्या यादीवरून यातलं काहीच कळत नाही.