दसऱ्याचं तोरण घरीच ओवा

दसऱ्याच्या सकाळी कोपऱ्यावर तयार तोरण मिळतं, पण ते आदल्या दिवशीच ओवलेलं असतं आणि बहुतेकदा पाणी मारून ताजं ठेवलेलं. दुपारपर्यंत फुलं काळी पडू लागतात. घरी ओवलेलं तोरण दोन-तीन दिवस सहज टिकतं.

आधी माप घ्या. चौकटीच्या दोन खिळ्यांमधलं अंतर साडेतीन फूट धरू. इथे हमखास चूक होते: झोळ छान दिसावा म्हणून आपण सुतळी अर्धा फूट जास्त घेतो आणि तोरण मधोमध पाऊण फुटाहून खाली येतं. त्याखाली पान लोंबणार, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्याला लागणारच. पाच इंच झोळ पुरे, त्यासाठी ओवलेला भाग अंतरापेक्षा फक्त दोन इंच जास्त लागतो. गाठींसाठी दोन्हीकडे वीतभर सुतळी मोकळी सोडा.

एवढ्या तोरणाला आणि बाजूच्या दोन लडींना अर्धा किलो झेंडू, आंब्याची आठ-दहा पानं, बारीक सुतळी आणि दाभण लागतं. शिवणाचा दोरा नको. एका वर्षी मी तोच वापरला होता, पूजा व्हायच्या आत तोरण उंबऱ्यावर पडलं. नायलॉनही नको, निर्माल्यातून तो गुरांच्या पोटात जातो.

परतीच्या पावसात फुलं ओलीच मिळतात. आणल्या आणल्या पिशवीतून काढून वर्तमानपत्रावर पसरा, तासभर पंखा लावा. पानं गडद हिरवी, जून बघून घ्या आणि ओल्या फडक्याने पुसा. तांबूस कोवळी पालवी दिसायला गोड, पण तासाभरात मान टाकते.

आता ओवणी. दाभण फुलाच्या मागच्या हिरव्या कपाच्या बरोबर मधून गेलं पाहिजे. नुसत्या पाकळ्यांतून गेलं तर फूल सुटतं. तीन फुलं, एक पान, पुन्हा तीन फुलं. पान ओवायचं नसतं. देठाकडचा भाग सुतळीवरून मागे दुमडायचा आणि देठाचं टोक पानातच टोचायचं. माझी आजी हे बोलता बोलता करायची. देठ मधल्या शिरेच्या अगदी लगत टोचा, म्हणजे पान चिरत नाही.

बाजूच्या लडी पंधरा-पंधरा फुलांच्या करा. खालच्या गाठीत देठाचा छोटा तुकडा अडकवा, फुलं निसटत नाहीत. पहिलं फूल तोंडाकडून ओवा, म्हणजे ते जमिनीकडे बघत राहतं. भाताच्या लोंब्या मिळाल्या तर मधोमध एक जुडी बांधाच. शेतातलं नवं धान्य दारावर आल्याशिवाय मला तरी दसरा झाल्यासारखा वाटत नाही.

बांधताना स्टूल कुणाला तरी धरायला सांगा. आधी एक टोक पक्कं करा, दुसरं सरकफाशाने बांधा, मग खाली उतरून चार पावलं मागे जाऊन बघा. झोळ मनासारखा झाला की गाठ आवळा. खिळे नसतील तर चिकटणारे हूक चालतात, पण चौकट कोरडी पुसून ते आदल्या रात्रीच लावा. दार उघड्यावर असेल तर मधोमध तिसरा आधार द्या. पावसात भिजलेला झेंडू चांगलाच जड होतो.

तोरण वाळलं की उतरवून सुतळी वेगळी काढा. वाळलेलं फूल चिमटीत चुरगाळलं की फिकट शेंडीच्या काळ्या काड्या हाती येतात, ते बी. त्यातलं मूठभर कागदी पुडीत बांधून ठेवा आणि जूनमध्ये कुंडीत टाका.