ॲक्सेसमध्ये पहिला कोड लिहायला बसताय? आधी तारखेचं बघा

ऑफिसच्या ॲक्सेस (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर) फाइलसाठी पहिल्यांदाच व्हीबीए, म्हणजे ॲक्सेसमधली कोडची भाषा, लिहिणार असाल तर फाइलची कॉपी काढा आणि कॉपीवरच शिका. हे सगळेच सांगतात. ते फोल्डर ट्रस्टेड लोकेशनमध्येही (ॲक्सेसनं विश्वास ठेवायच्या फोल्डरांच्या यादीत) घाला, नाहीतर कोड बंदच राहू शकतो आणि तासभर नसलेली चूक शोधत बसाल.

ऑल्ट-एफ११ दाबून एडिटर उघडला की टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये जाऊन ‘रिक्वायर व्हेरिएबल डिक्लरेशन’ला टिक करा. मग प्रत्येक नव्या मॉड्यूलच्या (कोडच्या पानाच्या) डोक्यावर ऑप्शन एक्स्प्लिसिट आपोआप येतं, जुन्या मॉड्यूलमध्ये मात्र हातानं लिहावं लागतं. ते नसेल तर व्हेरिएबलच्या नावात एक अक्षर चुकलं तरी ॲक्सेस तक्रार करत नाही, त्या चुकीच्या नावाचा नवा रिकामा व्हेरिएबल धरून पुढे जातो. फील्डच्या नावांत स्पेस नको. मराठी मजकूर टेबलात ठेवा आणि तिथूनच फॉर्मवर दाखवा, एडिटरमध्ये टाइप केलात तर नुसती प्रश्नचिन्हं उमटतील.

आता तारीख. माझं इथेच चुकलं, म्हणून कंटाळा न करता वाचा. कोडमधून एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) लिहिताना तारीख हॅशच्या (#) दोन खुणांमध्ये घालतात, आणि ॲक्सेस ती अमेरिकन पद्धतीनं वाचतं: आधी महिना, मग दिवस. विंडोजचं सेटिंग भारतीय असलं तरी. क्वेरीच्या डिझाइनमध्ये ५/४ टाकलं की ५ एप्रिलच धरलं जातं, त्यामुळे कोडमध्येही तसंच चालेल असं वाटतं. नाही चालत.

मी एका पतसंस्थेत मुदत ठेवींच्या नोटिशींची यादी काढणारा कोड लिहिला होता. मार्चमध्ये २० ते ३१ तारखा टाकून तपासला, यादी अचूक आली. कारण महिना २० असू शकत नाही, अशा वेळी ॲक्सेस स्वतःच उलटं करून घेतं आणि एका शब्दानं सांगत नाही. एप्रिलमध्ये ०५/०४/२०२३ ते १०/०४/२०२३ टाकलं. त्यानं ४ मे ते ४ ऑक्टोबर वाचलं. पाच महिन्यांच्या ठेवीदारांना पत्रं गेली, आणि ज्यांची ठेव त्याच आठवड्यात पिकत होती त्यांना एकही नाही. एक आजोबा पावती घडी घालून खिशात घेऊन आले, काउंटरवर उलगडून ठेवली आणि तारखेवर बोट ठेवून उभे राहिले. माझ्या स्क्रीनवरच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं.

तेव्हा तारीख स्ट्रिंगला (एसक्यूएलच्या मजकुराला) नुसती जोडू नका. फॉरमॅट फंक्शननं वर्ष-महिना-दिवस करून, म्हणजे २०२३-०४-०५ अशी, मगच हॅशमध्ये घाला. दरवेळी. फॉर्मवरून आलेली तारीखही तशीच, आजची तारीखही तशीच. आणि चाचणीला १ ते १२ मधलीच तारीख घ्या, दिवस आणि महिना वेगळे असलेली. १२च्या पुढच्या तारखेवर कोड बरोबर चालला म्हणून तो बरोबर आहे असं मुळीच नाही.

चालवण्याआधी तयार झालेलं एसक्यूएल डीबग-प्रिंटनं इमिजिएट विंडोत काढा (कंट्रोल-जी) आणि तारीख डोळ्यांनी वाचा. मी ती ओळ एकदाही वाचली नव्हती.

बाकीचं भराभर. रिकाम्या फील्डसाठी एनझेड (रिकाम्याच्या जागी दुसरी किंमत देणारं फंक्शन) वापरा, नाहीतर एरर ९४ येऊ शकतो. सेटवॉर्निंग्ज (ॲक्सेसच्या सूचना) बंद केलंत तर चालू करायला विसरू नका, त्यापेक्षा करंटडीबी एक्झिक्यूट (सूचना न दाखवता क्वेरी चालवणारी आज्ञा) बरं, सोबत डीबी-फेल-ऑन-एरर लावून, म्हणजे चूक झाली तर कळेल. अडलं तर एफ८नं एकेक ओळ चालवा. अनेक जण वापरणार असतील तर टेबलं वेगळ्या फाइलमध्ये काढा. अपडेट क्वेरी चालवण्याआधी तीच सिलेक्ट क्वेरी करून बघा, म्हणजे कोणत्या ओळी बदलतील ते दिसेल.

आणि पहिली चाचणी ५ एप्रिलची घ्या, २५ मार्चची नाही.