मुंबई ते लंडन: विमानाचं अंतर आणि वेळ घरबसल्या कसा काढायचा

नकाशावर पट्टी ठेवून हे अंतर मोजू नका. सपाट नकाशात उत्तरेकडचा भाग ताणलेला असतो, माप फसतं. त्यापेक्षा विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. मुंबई 19.09 उत्तर, 72.87 पूर्व, लंडनचं हीथ्रो 51.47 उत्तर, 0.45 पश्चिम.

दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा (73.32) कोसाइन, या तिघांचा गुणाकार त्यात मिळवा. बेरीज येते 0.4248. तिचा व्यस्त कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) 64.86 अंश. एका अंशाला 111.2 किमी धरले की झाले साधारण 7,210 किमी.

कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक) राहिला तर उत्तर भलतंच येतं, ते लगेच कळतं. खरा घोळ पूर्व-पश्चिमेचा. एक शहर पूर्वेला, दुसरं पश्चिमेला असेल तर रेखांशांची बेरीज करायची, वजाबाकी नाही. लंडनला ही चूक झाली तरी जेमतेम 60 किमी कमी पडतात, म्हणून ती खपून जाते. न्यूयॉर्क (40.64 उत्तर, 73.78 पश्चिम) घेऊन बघा: वजाबाकी केलीत तर ते मुंबईपासून फक्त 2,400 किमीवर येतं! खरं अंतर 12,500 किमीच्या वर आहे.

आता वेळ. विमान अगदी सरळ रेषेत जात नाही, म्हणून अंतरात चार टक्के वाढवा: 7,500 किमी. वेग ताशी 900 किमी धरा. पण वरच्या थरातले वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून जाताना 850 आणि येताना 950 धरलेलं बरं. हिवाळ्यात फरक याहून मोठा असतो. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यांची 40 मिनिटं वेगळी. हिशेब असा: जाताना साडेनऊ तास, येताना 8 तास 35 मिनिटं. एखाद्या देशाचं आकाश बंद असेल तर वळसा पडतो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना वाट बंद केल्यावर हेच झालं.

तिकिटावरच्या दोन वेळांची थेट वजाबाकी करू नका, त्या आपापल्या गावच्या घड्याळाच्या असतात. जानेवारीत मुंबईहून दुपारी 1 ला निघालात तर आपल्या घड्याळात रात्री साडेदहाला पोचाल, तिथे मात्र संध्याकाळचे 5 वाजलेले असतील. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडनचं घड्याळ तासभर पुढे असतं. तेव्हा साडेपाचऐवजी साडेचार तास वजा करा.

दुबईमार्गे गेलात तर अंतर जेमतेम 200 किमी वाढतं. वेळ खातो तो तिथला मुक्काम, शिवाय चढण्या-उतरण्याची ती 40 मिनिटं दुसऱ्यांदा मोजावी लागतात.